आधी जाळाच्या खुणा, मग रंग

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "आजोळच्या घराचा माळा आवरताना वाफेवर चालणारं खेळण्यातलं इंजिन सापडलं. उभा बॉयलर, बिडाचा पाया, उंची फूटभर. बॉयलरखालच्या पत्र्यावर जी, बी, एन ही अक्षरं आणि 'बव्हेरिया' असा शब्द आहे. पाया तांबडा, चकचकीत. वरचं बरंच काळपटलेलं. पणजोबांनी ते मुंबईहून आणलं आणि पुढे कितीतरी वर्षं गणपतीच्या आरासीत चालवायचे, असं घरात सांगतात. एक गृहस्थ विकत घ्यायला तयार आहेत, पण रंग मूळचा नाही म्हणून भाव पाडतात. रंग मूळचा आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?" सोबत सहा फोटो आहेत.

ताई, त्या गृहस्थांचं म्हणणं मला अर्धं खरं वाटतं. कुठलं अर्धं ते शेवटी सांगतो. आधी बघायचं कसं ते सांगतो, नाहीतर उद्या दुसरा कोणी येऊन तिसरंच सांगेल आणि तुम्ही पुन्हा तिथल्या तिथेच.

माझी पात्रता म्हणाल तर पिंपरीच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली. रंग पत्र्याला कसा धरतो, कसा सोडतो आणि माणसं खालचं पाप वरच्या रंगाने कसं झाकतात, हे पाहण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर लेकीकडे फ्यूर्थला जाणं-येणं सुरू झालं. फ्यूर्थ म्हणजे जर्मनीत न्यूरेंबर्गला अगदी खेटून असलेलं गाव, आणि न्यूरेंबर्ग म्हणजे खेळण्यांची राजधानी. तिथे कार्लश्ट्रासेवर १९७१पासून खेळण्यांचं संग्रहालय आहे. लेक ऑफिसला गेली की मी तिथे. काचेला नाक लावून बसणारा म्हातारा, अशीच माझी ओळख असावी. त्यातून हा नाद लागला.

तुमच्या इंजिनावरच्या खुणेचा अर्थ गेब्र्यूडर बिंग, न्यूरेंबर्ग, म्हणजे बिंग बंधू. पहिल्या महायुद्धाआधी खेळण्यांचा जगातला सर्वांत मोठा कारखाना यांचाच मानला जाई. त्या बंधूंपैकी इग्नाझ बिंग १९१८ साली वारले, पुढच्या वर्षाच्या सुमारास कंपनी 'बिंग वेर्के' झाली आणि खुणेत बीडब्ल्यू ही अक्षरं आली. १९३२मध्ये सगळा डोलाराच कोसळला. तेव्हा जीबीएन खूण असलेलं इंजिन साधारण १९१९च्या आधीचं धरायचं. हे साल डोक्यात पक्कं ठेवा. पुढची निम्मी तपासणी 'ही गोष्ट १९१९च्या आधी जगात होती का?' एवढ्या एका प्रश्नावर चालते.

आता रंग. लोक भिंग घेऊन थेट रंगच बघायला लागतात. मी आधी इंजिन कुठे भाजलंय ते बघतो.

उभं वाफेचं इंजिन म्हणजे आपला आंघोळीचा बंबच. खाली जाळ, मध्ये पाणी, वर धुराडं. कोळशाच्या जागी स्पिरिटचा दिवा, आणि झालेली वाफ एका करंगळीएवढ्या सिलिंडरात शिरून चाक फिरवते, एवढाच फरक. तुमच्या आजोळचा बंब डोळ्यांपुढे आणा. तो काळा कुठे पडायचा, क्षार कुठे साचायचे, हात लागून लागून लखलखीत कुठे व्हायचा? ते प्रत्येक घरी त्याच जागी व्हायचं. इंजिनाचंही तसंच. दिवा आत सरकवायच्या दाराची वरची कड सगळ्यांत आधी भाजते. तिथला रंग प्रथम तपकिरी होतो, मग त्याचे पोपडे येतात, मग पत्रा उघडा पडून गंजतो. सेफ्टी व्हॉल्व्हच्या आजूबाजूला उकळतं पाणी ठिबकून पांढरट ओघळ उमटतात. सिलिंडर तेल आणि पाणी मिसळून थुंकतो, त्याचा पंख्यासारखा शिडकावा पायावर एकाच बाजूला असतो. वर्षानुवर्षांनी त्या तेलाचा मधासारखा चिकट थर होतो. गंमत म्हणजे त्या घाणीखालचा रंग बहुतेक वेळा सगळ्यांत चांगला राहिलेला असतो, कारण तेलाने त्याला हवा आणि हात दोन्ही लागू दिलेले नसतात.

तेव्हा पहिली कसोटी ही: इंजिनाचं आयुष्य आणि रंगाची झीज एकमेकांशी जुळतात का? जे इंजिन वीस-पंचवीस गणपती चाललं, त्याच्या दिव्याच्या दारावर बिनडाग रंग असेल तर तो रंग त्या गणपतींनंतर चढलेला आहे. क्वचित कधीच न पेटवलेलं इंजिनही हाती लागतं. मग त्याच्या पोटात, बॉयलरच्या बुडालाही जाळाची खूण नसायला हवी. आत भाजलेलं आणि बाहेर कोरं, हे जमत नाही.

इथे एक बारकावा आहे. स्पिरिट फारशी काजळी धरत नाही. त्याने पत्रा निळसर-तपकिरी पडतो, वातीच्या आसपास जरा काळं होतं, इतकंच. आत दाट, बोटाला लागणारी काजळी असेल तर कोणीतरी दिव्यात रॉकेल घातलंय. आपल्याकडे हे सर्रास झालेलं असणार. रॉकेल घरात असायचं, स्पिरिट आणायला लागायचं. तुमच्या तिसऱ्या फोटोत आतून जी काळी पुटं दिसतात ती मला रॉकेलचीच वाटतात. त्या काजळीचा पुढे उपयोग होणार आहे.

दुसरी कसोटी माझी सगळ्यांत आवडती: टवका. रंगाचा टवका उडालेली जागा दिसली की लोक हळहळतात, मला बरं वाटतं. टवक्याची कड म्हणजे रंगाचा उभा छेद. विहिरीच्या कडेला मातीचे थर दिसावेत तसे रंगाचे थर दिसतात. सोनाराकडचं दहापटीचं भिंग घ्या, अंधाऱ्या खोलीत बसा आणि टॉर्च वरून न धरता अगदी आडवा, पत्र्याला समांतर धरा. खालून वर थर मोजायचे.

पत्र्याच्या भागावर सगळ्यांत खाली काय दिसतं, ते सगळ्यांत महत्त्वाचं. ही खेळणी ज्या पत्र्याची करत त्यावर कथलाचा पातळ मुलामा असे. आपल्या भाषेत कल्हईचा पत्रा. कारखान्यात रंग या कल्हईवर बसलेला. म्हणून मूळ रंगाच्या टवक्याखाली चांदीसारखा किंवा राखाडी, पण गुळगुळीत कथील दिसतं. आता जुना रंग खरवडून नवा द्यायचा झाला तर माणूस काय करतो? पॉलिश पेपर मारतो, नाहीतर वाळूचा फवारा मारून घेतो. त्यात रंगाबरोबर कल्हईही जाते. मग टवक्याखाली उघडं काळपट लोखंड दिसतं, त्यावर एका दिशेच्या बारीक रेघा, आणि रेघांत भरलेला प्रायमर. रेड ऑक्साइडचा विटकरी किंवा राखाडी प्रायमर अशा खेळण्यावर दिसला की माझ्यापुरता निकाल लागला. पुट्टी दिसली तर विचारायलाच नको.

बिडाच्या भागाला कल्हई नसते, तिथे दुसरं बघायचं. वाळूच्या साच्यातून निघालेल्या बिडाला अंगची खरखर असते, बारीक भोकं असतात. कारखान्याचा रंग जाड असला तरी त्यातून ती खरखर जाणवते. अंगठा फिरवल्यावर काचेसारखं सपाट लागलं तर कोणीतरी पुट्टी भरून घासलंय. गंजाचं गणितही साधं आहे. गंजाच्या खड्ड्यात रंग उतरलेला दिसला तर गंज आधी आणि रंग नंतर. रंगाच्या चिरेतून गंज बाहेर डोकावत असला तर रंग आधी. काजळीलाही हेच लागू: काजळी रंगावर आहे की रंग काजळीवर?

रंगाची जात ओळखायचीही एक खूण सांगतो. त्या काळी पत्र्यावर तेल-राळेचा एनॅमल लावून भट्टीत भाजत. काळा रंग बहुधा डांबराच्या जातीच्या पदार्थापासून केलेला असे. असा काळा, पातळ झालेल्या कडेला जोरदार उजेड धरला की तपकिरी झाक मारतो, कडक चहासारखी. आजचा काळा कडेपर्यंत काळाच राहतो. एकदा ही तपकिरी झाक डोळ्यांत बसली की पुन्हा चूक होत नाही. भट्टीत भाजलेला रंग कडक असतो, त्याचा टवका काचेसारखा तुटतो. ब्रशने मारलेल्या ऑइल पेंटवर नख दाबलं तर वर्षानुवर्षांनीही किंचित खूण उमटते. मात्र दाबून बघायचं ते पायाच्या खालच्या बाजूला. दर्शनी भागावर नखं मारायची नाहीत.

भट्टीच्या रंगावर वयाने बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत मळ बसलेला असतो. बाजारात चिरा पाडायचे द्रव मिळतात. त्यांनी पडलेल्या चिरा रुंद, सगळीकडे सारख्या, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या दिसतात आणि आतून स्वच्छ असतात. झिजेचंही तेच. न्यूरेंबर्गजवळच्या एका जुन्या बाजारात एका विक्रेत्याने मला 'हातही न लावलेलं' म्हणून एक आडवं इंजिन विकलं होतं. पायाचे चारही कोपरे छान झिजलेले. घरी आल्यावर लक्षात आलं की चारही कोपरे अगदी सारखेच झिजले आहेत. उजव्या हाताने उचलणाऱ्या पोराकडून असं होत नाही. उलटं करून पाहिलं तर खाली अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू. अशा खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आले. बाजारात खाली वाकून एकदा बघितलं असतं तर पैसे वाचले असते.

त्यावरून स्क्रूंकडे येतो. जुन्या इंजिनाचे स्क्रू एकाच सरळ खाचेचे असतात. खाचेत रंग आहे का, खाचेच्या कडा पेचकसाने खाल्लेल्या आहेत का, स्क्रूच्या डोक्याभोवती रंगाचं कडं तुटलंय का, हे बघा. रंग स्क्रूवरून सलग पलीकडे गेला असेल, खाच बुजली असेल, तर ते इंजिन न खोलता कोणीतरी घरी ब्रश मारलेला आहे. पत्र्याच्या जिभा खाचेतून काढून वाकवलेल्या असतात, त्यांचंही असंच. जीभ एकदाच वाकलेली असली तर तिच्या वळणावर एकच स्वच्छ चीर असते. दुसऱ्यांदा वाकवलेली जीभ कमरेत दुखावलेली दिसते, आणि तिसऱ्या खेपेला तुटतेच.

डाखाची, म्हणजे सोल्डरची, खूण तर अफलातून आहे. या बॉयलरांचे सांधे कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले असतात. नेहमीचा डाख १९० अंशांच्या आत-बाहेरच वितळतो. पाणी संपल्यावरही दिवा चालू राहिला की सांधा उकलतो, आणि गणपतीच्या गर्दीत तसं व्हायला वेळ लागत नाही. मग ते कोणीतरी पुन्हा जोडून घेतं. आता विचार करा: डाख लावताना जी आच लागते तिने शेजारचा रंग भाजल्याशिवाय राहील का? ताजा, ढोबळ डाख दिसला आणि त्याला लागून रंग मात्र शाबूत असेल, तर तो रंग डाखानंतरचा.

बॉयलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे भले भले फसतात. बिंग आणि मर्क्लिन (हीही जर्मन खेळण्यांची कंपनी) यांच्या कित्येक इंजिनांचे बॉयलर मुळात रंगवलेलेच नसत. धातूवर रासायनिक प्रक्रिया करून त्याला पोलादी निळी झाक आणत. ती रंगासारखी वर बसलेली नसते, धातूच्या अंगात मुरल्यासारखी दिसते, आणि उजेड फिरवला की जांभळी-करडी होते. कालांतराने ती उडते, खालचं पितळ दिसायला लागतं, आणि मग घरातलं कोणीतरी चिंच-मीठ घेऊन बसतं. तुमच्याकडेही बसलंय! पाचव्या फोटोत बॉयलर देवघरातल्या समईसारखा झळकतोय, पण सिलिंडरच्या पट्टीखाली जिथे बोट पोचलं नाही तिथे बोटभर निळा पट्टा शिल्लक आहे. तो पट्टा जपा. मूळ बॉयलर कसा होता याचा तो एकुलता एक साक्षीदार आहे. कोणी ही निळाई 'परत आणण्यासाठी' बॉयलर निळ्या रंगाने रंगवलेला असेल तर तो भिंगाखाली लगेच कळतो. रंगाला जाडी असते, निळाईला नसते.

आता सोनेरी रेघ. इथे माझा गुन्हा कबूल करतो. सुरुवातीच्या दिवसांत एका छोट्या इंजिनाचा पाया रॉकेलच्या फडक्याने पुसला. मळ निघत होता म्हणून हुरूप आला, जरा जोर लावला, आणि फडक्यावर सोन्याचा वर्ख आल्यासारखं काहीतरी चमकलं. पायाच्या कडेने हाताने ओढलेली रेघ होती ती. मळाखाली मला दिसलीच नव्हती. ही रेघ म्हणजे व्हार्निशात कालवलेली पितळी भुकटी, म्हणजे बहुतांशी तांबंच. म्हणून ती काळाने तपकिरी होते, कधी हिरवट, आणि मळासारखीच दिसते. शंभर वर्षांच्या इंजिनावर लग्नपत्रिकेसारखी सोनेरी रेघ झळाळत असेल तर ती रेघ गेल्या काही वर्षांतली आहे. हाताने ओढलेली रेघ सुरुवातीला जाड, मध्ये सारखी आणि कुंचला उचलताना बारीक होते, कोपऱ्यावर दोन रेघा एकमेकींवर चढतात. चिकटपट्टी लावून मारलेल्या रेघेच्या कडा नको तितक्या सरळ असतात आणि कडेला किंचित बांध उभा राहिलेला असतो.

फवाऱ्याच्या डब्याने रंगवलेलं ओळखायला सोपं. संत्र्याच्या सालीसारखा पोत, आणि जिथे रंग जायला नको तिथे, म्हणजे पायाच्या खालच्या अंगाला, धुराड्याच्या आत, रंगाची धूळ. रंगाचा असा डबा १९४९ साली अमेरिकेत निघाला. जुन्या पद्धतीने बुडवून रंगवलेल्या भागाच्या खालच्या कडेला मात्र ओघळ थिजून झालेली जाड कड असते, आणि ती असणं चांगलं.

तुमच्या इंजिनावर छापील पत्रा नाही, म्हणून त्याबद्दल दोनच वाक्यं. विटांची किंवा फरशीची नक्षी पत्र्यावर शिळाछापाने छापून मग तो कापून वाकवत, त्यामुळे नक्षी घडीच्या आतही गेलेली असते. भिंगाखाली आजच्या चार रंगांच्या छपाईचे फुलासारखे ठिपके दिसले किंवा कडेला पारदर्शक पापुद्र्याची रेघ दिसली तर ते नंतर चिकटवलेलं आहे.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर यंत्रं आणि रसायनं. यांच्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात.

काळ्या दिव्याचा, म्हणजे अतिनील टॉर्चचा, उपयोग होतो. ३६५ नॅनोमीटरचा घ्या, खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यांवर त्यासाठीचा चश्मा लावा. 'नवा रंग चमकतो, जुना चमकत नाही' हे जे ऐकू येतं ते अर्धवट आहे. जस्ताचा पांढरा रंग पिवळट-हिरवा चमकतो आणि तो जुन्या काळीही होता. लाखेचं व्हार्निश नारिंगी चमकतं. टायटॅनियमचा पांढरा काळपट राहतो. म्हणून चमकतंय की नाही यापेक्षा सगळीकडे सारखं दिसतंय का ते बघा. एकाच पायावर मध्येच वेगळा ठिपका, वेगळा पट्टा उठून दिसला तर तिथे हात फिरलेला आहे. दुरुस्ती शोधायला हा दिवा उत्तम, वय ठरवायला नाही.

अॅसिटोनची चाचणी मी सांगतो ती भीत भीतच. कानकोरण्याच्या कापसाला एक थेंब, पायाच्या आतल्या बाजूला, मोहरीएवढ्या जागी, दोन सेकंद. फवाऱ्याचे बरेचसे रंग आणि नायट्रोसेल्युलोजचे लॅकर लगेच कापसाला लागतात. भाजलेला एनॅमल तेवढ्या वेळात हलत नाही. पण गाडीच्या गॅरेजमध्ये मारतात तो हार्डनर घातलेला रंगही हलत नाही. तेव्हा रंग सुटला तर काहीतरी कळलं, नाही सुटला तर काहीच कळलं नाही. छापील पत्र्यावर हे करूच नका.

एक्स-रेवर चालणाऱ्या यंत्राने रंगातली मूलद्रव्यं कळतात. पांढऱ्या किंवा फिकट रंगात टायटॅनियम भरपूर निघालं तर १९१९च्या आधीचा दावा अवघड होतो, कारण तो पांढरा बाजारात रुळला तो पहिल्या महायुद्धानंतर. थॅलोसायनिन जातीचा झगझगीत निळा तर १९३५चा, पण तो ओळखायला या यंत्रापेक्षा वेगळी चाचणी लागते. शिसं सापडलं म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा लागू झाली ती २०१७मध्ये. १९६० किंवा १९८० साली साताऱ्यातल्या दुकानातून आणलेल्या डब्यातही शिसं असू शकतं. आणि सराफाकडचं कॅरेटमीटर याच तत्त्वावर चालतं खरं, पण ते सोन्या-चांदीसाठी लावलेलं असतं. त्यात इंजिन घालायला सराफ तयार झाला तरी निघालेल्या आकड्यांवर विसंबू नका.

आता तुमचे फोटो.

पाया: तांबडा रंग स्क्रूच्या डोक्यांवरून सलग गेला आहे, दोन खाचा पूर्ण बुजल्या आहेत. उजव्या कोपऱ्यात ब्रशचा एक केस रंगात अडकून राहिला आहे, फोटो मोठा करून बघा. पुढच्या टवक्यात मला तीन थर दिसतात. वर हा चकचकीत तांबडा, त्याखाली काजळीची काळी रेघ, आणि त्याखाली गडद, मातकट तपकिरी-तांबडा. सगळ्यांत खालच्या थराच्या कडेला तपकिरी पडलेला एक दोरा दिसतो. ती रेघ असावी. म्हणजे इंजिन रॉकेलवर चाललं, काळं झालं, आणि मग कोणीतरी कौतुकाने, बहुधा एखाद्या गणपतीच्या आदल्या रात्री, न घासता-पुसता ऑइल पेंटचा हात मारला. न घासता, हे तुमचं भाग्य. मूळ रंग खाली जिवंत आहे.

दिव्याचं घर: दाराची वरची कड तपकिरी, पोपडे आलेली, गंजलेली. डाव्या टवक्यात कल्हई चमकते आहे, प्रायमर नाही. हा भाग मूळचा आहे असं मी छातीठोक सांगेन.

धुराडं: वरच्या चार बोटांवर खिडकीच्या गजांना लावतात तो चंदेरी रंग. बिंगने असलं काही केलेलं नाही. बॉयलरचं वर बोललोच.

म्हणजे त्या गृहस्थांचं म्हणणं पायापुरतं आणि धुराड्यापुरतं खरं आहे. पण खरवडून रंगवलेलं इंजिन आणि मूळ रंगावर दुसरा रंग चढलेलं इंजिन यांना ते एकाच मापाने मोजत असतील, तर तिथे तुम्ही ठाम राहा. पहिल्यात मूळ रंग कायमचा गेला, दुसऱ्यात तो आत आहे. आणखी एक. पायावरचा तांबडा रंग साठ-सत्तर वर्षांचा असू शकेल. जुना आहे म्हणून तो मूळचा होत नाही, आणि मूळचा नाही म्हणून तो लगेच काढून टाकण्याच्या लायकीचाही होत नाही.

तो काढायला मात्र स्वतः जाऊ नका. पेंट रिमूव्हर दोन्ही थर एकदम घेऊन जाईल. पॉलिश पेपरने तर शिशाची धूळ घरभर होईल. घरात लहान मुलं असली तर इंजिन हाताळल्यावर हात धुवा, आणि बॉयलरभोवती किंवा दिव्यापाशी राखाडी पुठ्ठ्यासारखं, तंतू सुटणारं काही असलं तर ते अजिबात कुरतडू नका, जुन्या इंजिनांत तिथे अॅस्बेस्टॉस असू शकतं. पेटवायचा मोहही आवरा, डाखाचा भरवसा नाही. वरचा थर उतरवणं हे संग्रहालयासाठी काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाचं काम आहे. सूक्ष्मदर्शकाखाली, नखाएवढ्या जागेपासून सुरुवात करून. तेही जमेलच असं नाही. तोवर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि थांबा.

एक काम मात्र आजच करा. आजोळी गणपतीच्या आरासीचे जुने फोटो असतील. इंजिन त्यांत कुठेतरी कोपऱ्यात असेलच. ज्या सालच्या फोटोत पायाच्या कडेने बारीक रेघ दिसते त्या सालापर्यंत रंग मूळचा होता, आणि ज्या सालापासून रेघ दिसेनाशी झाली त्याच्या आसपास ब्रश फिरला. कृष्णधवल फोटोवरून रंग मात्र ठरवू नका. फार जुन्या फिल्मला तांबडा दिसतच नसे, त्यामुळे तांबडा पाया त्यात काळा कुळकुळीत आलेला असेल. फक्त रेघ शोधा. सापडली तर त्या फोटोच्या मागे साल लिहिलंय का तेही बघा, आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा.